खिळ्यावरची पिशवी आणि मी

मित्रांनो, मी पायाने चालवायची एक जुनी शिवणमशीन आहे. माझा काळा रंग जागोजागी उडाला आहे, चाक फिरताना कुरकुरते आणि स्वभावाने मी जळकी आहे. हे शेवटचे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या गोष्टीत ते पदोपदी दिसणारच आहे.

एका मोठ्या कारखान्यात लोखंड ओतून मला घडवले. अंगावर सोनेरी वेल काढली आणि खाली जाळीदार लोखंडी पाय बसवले. जिच्या घरी मी आले तिला सारी गल्ली मावशी म्हणते. तेव्हा ती नव्याने संसार मांडत होती. तिच्या वडिलांनी मला हातगाडीवरून आणले आणि मागच्या खिडकीपाशी ठेवले. त्या खिडकीतून डोंगर दिसायचा, डोंगराच्या अंगावर उंच पायांची, पाण्याची पत्र्याची टाकी, आणि टाकीच्या खालून वाहणारा ओढा.

शाळेचे गणवेश, दवाखान्याच्या उशांचे अभ्रे, पडदे, कोटांची अस्तरे, सगळे माझ्या सुईखालून गेले. लोक कापड हातात धरून म्हणायचे, "टीप आहे की पट्टीने ओढलेली रेघ!" मावशी माझ्या पाठीवर थोपटायची. मला वाटायचे, या घरात माझ्यापेक्षा लाडके कुणी नाही.

मग मावशीला लेक झाली. अर्धी बाही माझ्या दाताखाली सोडून मावशी उठून जायची आणि तासभर परतायची नाही. मी आतल्या आत धुमसत राहायचे. पण ते बाळ माझ्या खडखडाटाशिवाय झोपायचे नाही, आणि माझा खडखडाट मावशीच्या पायाशिवाय व्हायचा नाही. म्हणजे बाळाला झोपवायला तिला माझ्याकडेच यावे लागायचे. तेवढ्यावर मी समाधान मानले. पुढे तीच लेक नर्स झाली. तिच्या पहिल्या पांढऱ्या गणवेशाला मीच टीप मारली. तयार कपड्यांची दुकाने आली तेव्हा त्यांच्यावरही मी जळले, पण तो राग कधीच विरून गेला. खरी जळजळ अजून पुढे होती.

गेल्या उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला. आमच्या गल्लीचा एक जुना नेम होता. आग टाकीच्या अलीकडे आली की घर सोडायचे, तोवर नाही. मावशी खिडकीत उभी राहून टाकीकडे बघत होती. ज्वाळा टाकीला वळसा घालून खाली उतरल्या, तेव्हा तिने ओली चादर माझ्या अंगावर टाकली आणि लेकीचा हात धरून निघाली. आग मागच्या भिंतीपाशी येऊन थांबली. घर वाचले. डोंगराकडच्या बाजूची माझी सोनेरी वेल मात्र फोड येऊन उडाली.

परत आल्यावर मावशीने छप्पर पाहिले नाही की भांडी पाहिली नाहीत. आधी माझे चाक फिरवून पाहिले. ते फिरले तशी ती रडली आणि म्हणाली, "पुन्हा नाही गं तुला एकटीला टाकून जायची."

मित्रांनो, हे वाक्य मी जिवापाड जपून ठेवले.

पावसाचे दिवस जवळ आले तेव्हा वनखात्यातल्या एक बाई गल्लीत आल्या. सगळ्यांना रस्त्यावर जमवून त्यांनी काळ्या पडलेल्या डोंगराकडे बोट दाखवले.

"आता झाडं नाहीत, मुळं नाहीत. आणि जळलेल्या मातीवर एक साय धरलीय. पाणी आत मुरतच नाही."

"कापडावर तेल सांडलं तर वर पाणी कसं थेंब थेंब पळतं, तसं?" मावशीने विचारले.

"अगदी तसंच. सगळं पाणी घसरून खाली येणार, आणि येताना चिखल, दगड, ओंडके घेऊन येणार. धोक्याचा भोंगा वाजला की निघायचं. ओढ्याच्या कडेने खाली पळू नका. आडव्या वाटेने पलीकडच्या टेकाडावरच्या शाळेत जा. आणि दाराशी पाठीवरची एक पिशवी भरून ठेवा."

शेजारचा प्लंबर लगेच पुढे झाला. हा माणूस एकदा बोलायला लागला की थांबत नाही, म्हणून गल्लीने त्याचे नाव गळती ठेवले आहे. तो म्हणाला, "दारं ठोठावायचं काम माझं. माझा आवाज भोंग्यापेक्षा मोठा आहे."

"आणि भोंगा निदान बंद तरी होतो," मावशी म्हणाली.

पिशव्या शिवायचे काम आमच्याकडे आले. मालवाहू गाडीवरची जुनी नारिंगी ताडपत्री कुणीतरी आणून दिली. ती जाड, राठ आणि हट्टी होती. माझ्या सुया मोडल्या, पट्टा दोनदा निसटला, पण घरागणिक एक पिशवी मी शिवली. खांद्याचे बंद जिथे जोडले जातात तिथे मावशी चौकोन काढायची आणि आत फुली मारायची. त्या टाक्याला बैल लावून ओढले तरी तो उसवत नाही. सगळ्यांत शेवटी तिने स्वतःची पिशवी शिवली. तिला आतून मऊ अस्तर लावले आणि बाहेर टॉर्चसाठी कप्पा केला. मला काय ठाऊक, मी माझ्याच सुईने माझी सवत शिवत होते!

पिशवी दाराजवळच्या खिळ्यावर लटकली आणि माझे दिवस फिरले.

माझ्या खणात मावशीचा जादा चष्मा असायचा. तो पिशवीत गेला. गुडघ्याच्या गोळ्या, घराची कागदपत्रे, वडिलांचा फोटो, सगळे एकेक करून तिकडे गेले. एके दिवशी तिने माझी लहान कात्रीसुद्धा उचलली. माझी कात्री! जाता-येता ती पिशवीवर हात ठेवून चाचपायची, सगळे जागच्या जागी आहे ना म्हणून. पूर्वी तो हात माझ्या पाठीवर असायचा. माझ्यावर आता सुकलेले कपडे पडायचे. लेक कामावरून आली की आधी पिशवीचे वजन करून बघायची, मग चप्पल काढायची. मी खिडकीत बसून त्या नारिंगी बाईकडे बघायचे आणि वाटायचे, उंदराने हिचे बंद कुरतडावेत.

एका रविवारी गल्लीत सराव झाला. भोंगा वाजला. दोन्ही बाजूंची माणसे पिशव्या घेऊन रस्त्यावर आली. मावशी आली नाही. ती माझ्यावर चादर पांघरत होती, कोपरे नीट खोचत होती. मला किती बरे वाटले म्हणून सांगू!

लेक तणतणत आत आली. "आई, काय चाललंय तुझं? सगळी गल्ली शाळेत पोचली!"

"आले गं. हिला झाकत होते."

"तिला थंडी वाजतेय का?"

"सरावच तर आहे. खरं पाणी येईल तेव्हा दिसेलच की खिडकीतून. ओढा फुगून टाकीच्या पायाशी आला की निघेन. आगीच्या वेळी नाही का वेळेत निघालो?"

"अगं, ती आग होती. आग येताना दिसते. हा चिखल दिसला म्हणजे उशीर झालेला असतो."

"मला नको शिकवू. या खिडकीत बसून माझा जन्म गेला."

लेकीने कपाळावर हात मारला. "मशीन महत्त्वाची की तू?"

मावशीने चादरीचा शेवटचा कोपरा खोचला. मी ते माझ्या बाजूचे उत्तर धरले आणि पिशवीकडे ऐटीत पाहिले.

नंतर पाऊस लागला. दवाखान्यात माणसे कमी, म्हणून लेक तिकडेच अडकून पडली. त्या दिवशी सकाळपासून आभाळ फाटल्यासारखे कोसळत होते. मावशी घरात फेऱ्या मारत होती. मग तिने एकदम पिशवी खाली घेतली. आतून पाण्याच्या बाटल्या काढल्या, घोंगडी काढली, जाड बूट काढले. पेचकस आणून माझ्या पाठीमागचे स्क्रू सैल केले आणि माझे डोके, म्हणजे वरचा सगळा काळा भाग, पायांपासून उचलून पिशवीत घातले.

"बोलले होते ना," ती धापा टाकत म्हणाली, "एकटीला टाकणार नाही."

मित्रांनो, माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. मी सवतीच्या पोटात बसले होते, तिच्या मऊ अस्तरावर, आणि तिला मला वाहून न्यावे लागणार होते! बाहेर काढलेल्या बाटल्यांकडे पाहून मला जराही वाईट वाटले नाही.

दुपारी भोंगा वाजला. त्याच वेळी लेकीचा फोन आला. "आई, निघालीस?"

"निघाले, निघाले," मावशी म्हणाली, आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. टाकीचे पाय कोरडे होते. ओढा अजून खालूनच वाहत होता.

गळतीने दार बडवले. तो नखशिखांत भिजला होता. "मावशी, चला! तुम्हीच शेवटच्या."

"अरे, टाकीपाशी पाण्याचा टिपूससुद्धा नाही."

"टाकी गेली खड्ड्यात! चला म्हणतो ना!"

मावशी बसून पिशवीच्या बंदांत हात घालू लागली. हात गेले, पण उठता येईना. एकदा उठली आणि गुडघा धरून मटकन खाली बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. बंद तिच्या खांद्यांत रुतले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की तिला खाली ओढते आहे ती पिशवी नाही, मी आहे. मी मनात म्हटले, तुटा रे बंदांनो, आता तरी तुटा. पण तो चौकोन माझा होता आणि ती फुलीही माझी होती. एक धागा हलला नाही.

गळतीने पिशवी हिसकली, उघडली आणि चक्क गप्प झाला. गल्लीच्या इतिहासात तो पहिल्यांदाच गप्प झाला असावा.

"मावशी," तो शेवटी म्हणाला, "मी तुम्हाला उचलतो. नाहीतर हिला. दोघींना नाही जमायचं."

त्याने मला काढून टेबलावर ठेवले. मावशी हट्टाने तिथेच उभी राहिली. "जरा थांब. टाकीकडे एकदा बघते, मग येते." असे म्हणून तिने नेहमीसारखा तळहात माझ्या पाठीवर ठेवला.

आणि तिचा चेहरा पालटला.

माझे चाक थरथरत होते. बॉबिनवरची सरकती पाटी टिकटिक वाजत होती. खाली पायाने हलवायचा पायटा नव्हता, चाकावर पट्टा नव्हता, तरी मी चालत असल्यासारखी कापत होते. ते मी करत नव्हते. जमिनीतून टेबलात आणि टेबलातून माझ्यात काहीतरी चढत होते. माझा प्रत्येक आवाज मावशीच्या ओळखीचा आहे. हा तिच्या ओळखीचा नव्हता.

"अरे," ती हळूच म्हणाली, "हिला कुणीच चालवत नाहीये."

"मग?"

"डोंगर चालायला लागलाय."

तिने खिडकीकडे पाहिलेसुद्धा नाही. माझ्या पाठीवरचा हात उचलला, हलकी झालेली पिशवी एका झटक्यात खांद्यावर घेतली, एका हाताने गळतीचा दंड धरला आणि दाराबाहेर पडली. यावेळी चादर नाही, थोपटणे नाही. दारातून मला दिसले ते फक्त नारिंगी. माझ्या मावशीच्या पाठीला बिलगून ती सवत आडव्या वाटेने शाळेकडे चालली होती. मी जळून कोळसा झाले. आणि त्याच वेळी मनाशी घोकत होते, बंद सुटू देऊ नकोस गं, तिला सोडू नकोस.

मग मागची भिंत आत आली.

मी किती दिवस चिखलात होते ते मला सांगता येणार नाही. फावड्याचा आवाज आला, मग गळतीची अखंड बडबड ऐकू आली आणि मला उजेड दिसला. मावशी वाचली होती. सारी गल्ली वाचली होती. आमच्या घराच्या मधोमध मात्र एक मोठी वस्तू आडवी पडली होती. ती पाण्याची टाकी होती. मावशी तिच्या पायाशी पाणी येण्याची वाट बघणार होती, आणि टाकी स्वतःच चिखलावर बसून आमच्या घरात आली होती. मावशीने तिच्या चेपलेल्या पत्र्याला हात लावून पाहिला. लेक शेजारी उभी होती, पण तिने आईला एका शब्दानेही टोमणा मारला नाही. फक्त तिचा हात घट्ट धरला.

मला रॉकेलने धुतले. दात घासायच्या जुन्या ब्रशने माझ्या फटींमधला चिखल काढला, ठिबक ठिबक तेल सोडले. नवे पाय बसवले. आता आम्ही दुसऱ्या घरात राहतो, पण जळका डोंगर तोच आहे आणि पुढचे काही पावसाळे तो असाच राहणार, असे वनखात्यातल्या बाई सांगून गेल्या. म्हणून दाराजवळ इथेही खिळा आहे आणि खिळ्यावर ती आहे. येणारे-जाणारे तिचेच कौतुक करतात. "हीच ना ती पिशवी?" म्हणून हात लावून बघतात. माझ्या थरथरण्याबद्दल कुणी विचारत नाही. फक्त मावशी पावसाची सर आली की शिवणे थांबवते आणि थोडा वेळ माझ्या पाठीवर तळहात टेकून बसते.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची निगा जरूर राखा. आमच्यावरची धूळ पुसा, वेळेवर तेल घाला, आम्हाला ओलीत ठेवू नका. पण हे सगळे ऊन असताना करा. भोंगा वाजला की आमच्याकडे वळून बघू नका. आम्ही रुसलो तर रुसू द्या. आमच्या जागी पाणी घ्या, बूट घ्या, औषधे घ्या, आणि ज्या गोष्टीची वाट बघत बसला असाल तिची वाट न बघता निघा.

पुढच्या वेळीही पिशवीच जाणार आणि मी इथेच राहणार. मला ते अजिबात आवडत नाही. पण काल मावशीने तिचे बंद पुन्हा पक्के करायला माझ्या सुईखाली घातले. चौकोन मारला, आत फुली मारली. मी एकही टाका चुकवला नाही.