नापास कॉम्प्युटर

माझ्या दिरांचं आणि माझं कधीच पटलं नाही, आणि पटावं अशी माझी इच्छाही नव्हती. शाळांच्या, कारखान्यांच्या शर्टांवर बिल्ले भरून द्यायचा आमचा घरचा धंदा. एका वेळी रांगेने शर्ट भरणारं भरतकामाचं यंत्र ते चालवायचे, कॉम्प्युटरवर डिझाइनं मी काढायची, आणि कौतुक झालं की पुढे ते उभे. वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा सासऱ्यांसमोर त्यांनीच वाटणी मांडली. यंत्र त्यांचं. कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढत असेल तर तोही त्यांचा, कारण धंदा म्हणे त्यांनाच पुढे न्यायचाय. चढत नसेल तर माझा.

माझी सगळी डिझाइनं त्या कॉम्प्युटरमध्ये होती, एकेक टाका मी बसवलेला. तो गेला असता तर मी हात हलवत घरी आले असते. दिरांना वाटायचं, डिझाइनं यंत्रातच असतात. यंत्रात फक्त शेवटचं पाठवलेलं डिझाइन राहतं, हे मी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. पण माझं ऐकलं असतं तर ते दीर कसले!

कॉम्प्युटर नवी सिस्टिम घेतो, हे मला आधीच माहीत होतं. मागे मी तपासणीचा प्रोग्रॅम लावला तेव्हा त्याने नापास दाखवलं. मेकॅनिकला बोलावलं. त्याने कॉम्प्युटर सुरू होताना एक बटण दाबलं, आतल्या सेटिंगमध्ये बंद असलेली सुरक्षा चिप चालू केली, की सगळीकडे हिरव्या खुणा. जी चालू करता येते ती बंदही करता येते. वाटणीच्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी दुकानात गेले आणि तेवढं एकच काम केलं.

"आत्ता सोक्षमोक्ष लावतो, बाबा," म्हणत दिरांनी माझी खुर्ची ओढून घेतली. प्रोग्रॅम फिरला. लाल फुली. खाली लिहिलेलं, सुरक्षा चिप सापडली नाही.

"चिपच नाही! या डबड्यावर काम करत होतात, वहिनी?"

"पुन्हा एकदा लाव," सासरे म्हणाले. पुन्हा लाल.

"पण त्या दिवशी तो मेकॅनिक..." आमच्या ह्यांनी तोंड उघडलं. जन्मात भावापुढे ब्र काढला नाही, आणि काढला तो नेमका तेव्हा. मी टेबलाखाली त्यांच्या पायावर टाच रोवली.

"कसला मेकॅनिक?" दीर वळले.

"काही नाही," हे म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते वाटणीच्या दुःखाने नव्हे.

"घेऊन जा हे भंगार. तुम्हालाच लखलाभ, वहिनी," दीर हसले. "तुमच्याही जागी नवी मुलगी बसवतोय. जुनं सगळं एकदमच निघू दे."

अंगाचा तिळपापड झाला. तरी आवाज खाली ठेवून मी विचारलं, "बाबा, ऐकलंत ना? कॉम्प्युटर माझा."

"तुझा," सासरे म्हणाले, आणि दीर त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले.

कॉम्प्युटरला जोडलेली यंत्राची वायर काढण्याआधी मी एक छोटं डिझाइन करून यंत्रात पाठवलं. नुसती अक्षरं होती. रागाने हात भराभर चालत होते. मग कॉम्प्युटर उचलून घरी आणला, चिप चालू केली. सगळं हिरवं.

दिरांचा फोन आला तो कारखान्याचे शर्ट लावल्यावर. यंत्र सुरू करून ते नेहमीसारखे दारात गप्पा मारत उभे राहिले होते. परत आले तर रांगेतल्या एकूणएक शर्टांच्या खिशांवर, लाल दोऱ्यात, सुबक अक्षरांत भरलेलं: 'हे भंगार तुम्हालाच लखलाभ'.

मला आनंद झाला. का लपवू?

"वहिनी, माल संध्याकाळी द्यायचाय." त्यांचा आवाज पार उतरला होता. "कारखान्याचा बिल्ला कुठे आहे?"

"भंगारात," मी म्हणाले. "नव्या मुलीला सांगा, ती काढून देईल."