उशिरानं दिसलेली चाल

गणपती तोंडावर आले आणि माझा डावा पाय अजून ऐकत नाही. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून मी काठीवर चालतो. डाव्या हाताला पकड आली, पण स्पर्श अजून नीट कळत नाही. मूर्ती घरात आणायची म्हणजे पाट दोन्ही हातांत. मग काठी धरू कशानं, डोंबलानं? विकास नगरच्या या घरात गणपती दरवर्षी मीच आणतो. यंदा पुतण्या आणेल, असं सुचित्रा एकदाच म्हणाली. बायकोला मी चांगलंच झापलं. माझा मी चालेन, चालताना जवळपाससुद्धा फिरकायचं नाही.

तेव्हापासून पाटावर पिठाचा डबा ठेवून हॉलमध्ये फेऱ्या चालल्यात. बसवत नाही, उभं राहवत नाही. पाय उचलला जातोय की फरफटतोय, ते कळायलाच हवं ना? म्हणून मुलीनं, अनन्यानं, देवघरापाशी लॅपटॉपचा कॅमेरा लावून दिला. पण चालताना पडद्याकडे बघितलं की माझा तोल जाई. वैतागून मी तो बंदच करायला निघालो.

"थांबा ना, बाबा," म्हणत तिनं काहीतरी खटपट केली. आता चित्र थोडं उशिरानं दिसणार होतं. आधी चालायचं, मग खुर्चीत बसून स्वतःला चालताना बघायचं.

आज ती कॉलेजला गेली आणि मी लगेच पाट उचलला. दारापासून देवघरापर्यंत आलो, पडलो नाही. पाट टेकवून खुर्चीत बसलो आणि स्वयंपाकघरातल्या सुचित्राला ऐटीत ओरडून सांगितलं, जमलं बरं का.

तेवढ्यात पडद्यावर मी दारातून निघालो. पाय फरफटतच होता. आणि माझ्या डाव्या बाजूला, जरा मागे, सुचित्रा होती. अनवाणी, दोन्ही हात माझ्या कोपराखाली धरून. मी थबकलो की तीही थबकायची. मध्येच मी कललो, तेव्हा तिनं कोपर अलगद सावरलं. मला पत्ताही लागला नव्हता. मी पाट टेकवायला वाकलो, तशी ती लगबगीनं आत गेली. चित्र उशिरानं दिसतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

राग कुणावर काढावा तेच कळेना. उठलो, पाट पुन्हा उचलला आणि तिला बोलावलं. ती पदराला हात पुसत दारात आली, पण जवळ येईना.

"ये," मी म्हणालो. "डावी बाजू तू धर. यंदा गणपती आपण दोघं आणू."