माइकवरची फुंकर
ताईच्या गळ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिच्या धाकट्या भावाने तिचं गाणं रेकॉर्ड केलं, आणि सारी हयात लोकांचे आवाज नीटनेटके करण्यात घालवलेल्या या माणसाने नेमक्या त्याच दिवशी माइकपुढची जाळी काढून ठेवली. तोंडातून सुटणारा वारा अडवायला ती जाळी असते. ती नसली की प, फ, ब, भ म्हणताना वारा थेट माइकवर आदळतो आणि गाण्यात 'धप्प' असा ठोका उमटतो. हे शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं. पण आजाराने ताईचा आवाज इतका बारीक झाला होता, की त्याला वाटलं, मध्ये कापडाचा पापुद्राही नको. माया दाटून आली की अक्कल रजेवर जाते, त्यातलाच प्रकार.

आता पुन्हा रेकॉर्डिंग होणार नव्हतं. डॉक्टरांनी ताईचं स्वरयंत्रच काढलं होतं. ती गळ्याशी केलेल्या छिद्रातून श्वास घ्यायची आणि त्यावर पातळ रुमाल बांधायची. तिच्या लेकीला दिवस गेले होते. येणाऱ्या नातवंडासाठी आजीचा आवाज म्हणून ही एक अंगाई तेवढी उरली होती, आणि तीही राहील की नाही, याची खात्री नव्हती. ताई म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. मुलांना गाणं शिकवताना तिने एक कच्ची ओळ कधी पुढे जाऊ दिली नव्हती. घरी आल्यावर रेकॉर्डिंग ऐकून तिने पाटीवर लिहिलं होतं, 'स्वच्छ झालं तर ठेव. नाहीतर पुसून टाक.'

ती नुसतं बोलणारी नव्हती, हे भाऊ जाणून होता. त्याचा जीव टांगणीला लागला होता.

रोज दुपारी ती त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसायची. तो संगणकाच्या पडद्यावर गाणं ताणून मोठं करायचा. जिथे वारा आदळला होता, तिथे आवाजाची रेघ फुगलेली दिसे. तेवढाच तुकडा पकडायचा, त्यातली खालची घरघर उतरवायची, कडा हलक्या हाताने जुळवायच्या. कमी कापलं तर ठोका राहतो, जास्त कापलं तर अक्षरच जातं. पहिल्याच ओळीत 'पाखरा'चं 'आखरा' झालं, तेव्हा ताईने टेबलावर बोटाने टकटक केली.

"कळलं गं. परत करतो."

थोड्या वेळाने पुन्हा टकटक.

"अगं, केस पांढरे झाले माझे याच कामात."

तिने पाटीवर लिहिलं, 'दिसतायत.'

त्याला हसू फुटलं. पूर्वी हे तिने बोलून दाखवलं असतं, वर आणखी चार शब्द सुनावले असते.

त्याने थर्मासमधला चहा ओतला. तिने कप तोंडाशी नेला, ओठांचा चंबू केला आणि तशीच थांबली. तोंडात आता वारा येत नव्हता, पण ओठांची सवय काही सुटत नव्हती. तिने कप खाली ठेवला. भावाने तिच्याकडे न बघता तो चहा बशीत ओतला आणि बशी तिच्यापुढे सरकवली. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणे. इथे फुंकायचीच सोय राहिली नव्हती.

अखेर एका दुपारी तिने डोळे मिटून अख्खी अंगाई ऐकली. बोट टेबलावर टेकलेलं होतं, पण वाजलं नाही. तिने पाटी पुसली आणि लिहिलं, 'ठेव.'

त्याचा जीव भांड्यात पडला.

आता फक्त सुरुवात कापायची होती. गाण्याआधी ताई माइकशी बोलली होती, तो तुकडा. तो वाजवायचं भाऊ इतके दिवस टाळत आला होता. आता वाजवून बघणं भाग होतं.

"बोक्या, झालं का रे तुझं?"

लहानपणापासून ती त्याला बोक्याच म्हणायची. त्या 'बो'वर सगळ्यांत मोठा ठोका होता. टेबलावरच्या मोठ्या स्पीकरचा पडदा थरथरला.

त्याने तुकडा निवडला. कापायला बोट उचललं, तोच ताईने त्याचं मनगट धरलं. मग ती उठली, स्पीकरसमोर तळहात धरून उभी राहिली आणि मानेने खूण केली. त्याने आवाज वाढवून पुन्हा वाजवलं. तिचा हात तसाच राहिला. तिने आणखी एकदा खूण केली, आणि त्याने आणखी एकदा वाजवलं.

मग तिने पाटी घेतली. 'हे पुसू नकोस. ठोक्यासकट राहू दे.'

"तुला चालेल? एवढा मोठा ठोका?"

तिने त्याचा हात ओढून स्पीकरपुढे धरला आणि दुसऱ्या हाताने स्वतःच बटण दाबलं.

"बोक्या, झालं का रे तुझं?"

त्याच्या तळहाताला हलकीशी फुंकर लागली.

"नाही झालं, ताई," तो म्हणाला.