गंध लावलेलं मशीन

या, असे पुढे सरकून बसा. मागे खांबाला टेकलात की डोळा लागतो, आणि ही गोष्ट तशी नाही. देवाचं नाव घेऊन पहिल्यापासून सांगतो. शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे, तेवढं ऐकून मग उठा.

दोन हजार तीन साल. रत्नागिरीत मारुती मंदिराच्या मागच्या गल्लीत उमाचं दुकान होतं. मुंबईच्या कचेऱ्यांनी काढून टाकलेले कॉम्प्युटर ती घाऊक आणायची. डबा उघडायचा, ब्रशने धूळ झाडायची, खाऱ्या हवेने काळवंडलेली मेमरीची पट्टी शाळेच्या खोडरबराने घासायची, आणि डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून काढायची. आधीच्या मालकाचं एक अक्षर पुढच्याकडे जाता कामा नये, हा तिचा नेम. हात इतका नेटका, की तिच्याकडून गेलेलं मशीन कुणी आधी वापरलंय असं वाटायचंच नाही.

त्या नेटकेपणानेच घात केला.

बुधवारी सकाळी फोन आला. आवाज म्हाताऱ्याचा, अडखळत बोलणारा. "मी आत्माराम. मुंबईहून बोलतोय. आमच्या कचेरीचे आठ कॉम्प्युटर तुमच्याकडे आलेत ना?"

"आलेत. बोला काका."

"त्यातल्या एकात माझं एक काम राहिलंय. म्हणजे कचेरीचं नव्हे." गृहस्थ थांबले. मग चोरी कबूल करावी तसं हळू म्हणाले, "माझे वडील कीर्तनकार. केळशीचे परशुरामबुवा. त्यांनी स्वतः रचलेलं गजेंद्राचं आख्यान. जेवणाच्या सुट्टीत मी थोडं थोडं टाईप करत होतो, चार वर्षं. वहीला घरी वाळवी लागली. फ्लॉपीवर काढलं होतं, तिला पावसाळ्यात बुरशी आली. आता आहे ते त्या मशीनमध्येच."

"मशीन ओळखायचं कसं?"

"सोपं आहे. डाव्या अंगाला गंधाचा टिळा असेल. खंडेनवमीला मी दरसाल पूजा करायचो त्याची."

 आठही डबे उमाने परवाच साबणाच्या फडक्याने लख्ख पुसले होते. एकाच्या बाजूला पिवळट डाग होता, तो नखाने खरवडून काढल्याचंही तिला आठवलं. कुठल्या, ते मात्र आठवेना. आणि आठातल्या सहांच्या डिस्का पुसून झाल्या होत्या.

"बघते," एवढंच ती म्हणाली.

"मी शुक्रवारच्या गाडीने येतोच," आत्माराम म्हणाले.

उरलेले दोन डबे तिने लगेच जोडले. एकात नुसत्या पत्त्यांच्या याद्या, दुसऱ्यात काहीच नाही. मग तिला चैन पडेना. शनिवारी मालगुंडच्या शाळेत सहा मशीन पोचवायची होती, पण एक स्क्रू सरळ बसेल तर शपथ. उगाच उठायची, दारात जायची, परत यायची. भात ताटात तसाच निवायचा.

शेजारच्या दुकानातले बाबूकाका शिंपी हे बघत होते. देवळात कीर्तन असलं की बुवांच्या मागे झांज धरायला हेच उभे. "काय गो उमा, अंगात मुंग्या शिरल्या काय तुझ्या?"

तिने सगळं सांगितलं.

"हात् तिच्या. एवढंच? सांग त्याला, मशीन बंदच पडलेलं आलं. म्हातारा काय उघडून बघणाराय?"

"आख्यान गेलं तरी चालेल म्हणताय, काका? तुम्ही?"

बाबूकाका ओशाळले. "गेलेलं येत नाय म्हणून बोललो," असं पुटपुटत आपल्या शिलाई मशीनवर जाऊन बसले. उमाला मात्र ते बोलणं कुसळासारखं टोचत राहिलं. कारण सुटका त्यातच होती.

गुरुवारी दुपारी स्क्रू शोधताना तिने जुनी डबी पालथी केली, आणि स्क्रूंबरोबर पाच तांदूळ बाहेर पडले. चार नंबरच्या डब्याची फ्लॉपी अडकत होती, तेव्हा तिनेच चिमट्याने काढलेले. उंदराने कोठार केलंय म्हणून बाबूकाकांबरोबर हसलीही होती. आज तिने ते उजेडात धरले. तांदळांना लाली होती. तिला तेव्हा तो गंज वाटला होता. ते कुंकू होतं. पूजेच्या अक्षता होत्या त्या.

चार नंबर. मंगळवारी पुसलेला. फोनच्या आदल्या दिवशी.

शुक्रवारी आत्माराम आले. खांद्याला पिशवी, पिशवीत दहा कोऱ्या फ्लॉप्यांचं खोकं. ओळीने मांडलेले डबे बघून ते गोंधळले. "सगळे एकसारखे झाले हो. माझा कुठला?"

बाबूकाका दारात येऊन उभे राहिले होते. उमाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. अक्षता तळहातावर घेऊन तिने आत्मारामांपुढे धरल्या. "हा चार नंबर तुमचा. काका, मी तो मंगळवारी पुसला. आत काही राहिलं नाही. टिळाही मीच खरवडून टाकला."

 आत्मारामांनी वर डोकावणारं फ्लॉप्यांचं खोकं पिशवीत खाली सारलं. "तुमचं कामच ते," म्हणाले. "मीच चोरून ठेवलेलं."

"चार वर्षं टाईप केलंत ना?" बाबूकाका दारातून म्हणाले. "काही तरी आठवेल की."

आत्मारामांनी दोन ओळी म्हटल्या आणि अडकले. परत म्हटल्या, परत तिथेच अडकले. "बसून येत नाही. वडील उभ्याने सांगायचे."

"मग उभे राहा. तिकीट नाय लावलेलं."

"मी कधी चार माणसांत उभा राहिलो नाही हो."

"आम्ही दोघंच आहोत."

आत्मारामांनी चपला दाराबाहेर काढल्या. जुन्या डब्यांच्या मधोमध हात जोडून उभे राहिले. बाबूकाकांनी बोटातल्या अंगुस्तानाने टेबलाच्या कडेवर ताल धरला. उमाने शाळेसाठी मराठी टायपिंग घालून ठेवलेल्या चार नंबरची तार जोडली आणि टाईप करायला बसली.

आवाज आधी कापत होता. मग साकीच्या चालीतली कडवी आली, दिंडीच्या चालीतली आली. हत्ती पाण्यात उतरला, मगरीने पाय धरला, सोबतचे सगळे काठावरून निघून गेले. उमाची बोटं मागे पडत होती, तरी ती थांबा म्हणाली नाही. सोंडेत कमळ धरून गजेंद्र देवाला हाक मारतो, तिथे आत्माराम थांबले. तीनदा मागे जाऊन पुन्हा आले. हाकेच्या चार ओळी काही येईनात. घामाने सदरा भिजला.

"पुढचं येतंय का?" उमाने विचारलं.

"येतंय."

"मग चार ओळी मोकळ्या सोडते. तुम्ही पुढे चला."

उन्हं उतरता उतरता आख्यान संपलं. आत्मारामांनी एक फ्लॉपी भरून घेतली. मशीन शाळेला जायचं ठरलेलं, ते गेलंच. पण आपला नेम उमाने पहिल्यांदा मोडला आणि आख्यान त्यात राहू दिलं. शेजारून गंध मागून आणलं, तेव्हा आत्माराम म्हणाले, "बाहेरूनच लावा. अक्षता नकोत, परत अडकतील."

तर माझं मागणं असं. तुमच्या गावच्या देवळात कधी हे आख्यान लागलं, आणि गजेंद्र कमळ उचलतो तिथे बुवा क्षणभर थांबले, तर त्यांना विसरले म्हणू नका. तेवढ्या वेळात केळशीच्या परशुरामबुवांची आठवण काढा. आणि त्यांच्या त्या चार ओळी तुमच्या घरात कुणाच्या तोंडी असतील, तर आत्मारामांना कळवा.