टेक ऑफ शिकवणारा कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. रंगाने राखाडी, अंगाने लोकरीचा. ज्या गिऱ्हाइकासाठी शिंप्याने मला शिवलं, ते मला न्यायला येईपर्यंत इतकं जाडं झालं, की आमची भेट बटणापर्यंतही पोचली नाही. म्हणून मी इंग्रजीच्या सरांना मिळालो. सर बारीक होते. मी त्यांच्या अंगावर तंबूसारखा उभा राहत असे. आत सर आहेत की नाही, हे खडू हलला तरच कळे.

सरांचा वर्ग संध्याकाळी भरायचा, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत. शिकायला मोठी माणसं येत. एक कुलूपवाला होता, एक पोस्टमन होता आणि रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात काम करणाऱ्या मावशी होत्या. जे हातात धरता येत नाही ते डोक्यात शिरत नाही, असं सरांचं ठाम मत होतं. 'टेक ऑफ' हे एकच क्रियापद, पण त्याचे अर्थ ढीगभर. ते शिकवायला त्यांनी मला हातात धरलं.

अंगातून कोट काढणे, हा सोपा अर्थ. त्यात मला विशेष काही करावं लागत नसे. मग विमान उडणे. त्यासाठी सर मला फळ्यापासून दारापर्यंत फेकत. धंदा एकदम जोरात चालणे, हे दाखवायला माझे खिसे कुलपांनी भरत, आणि शिवण उसवली की वर्ग टाळ्या वाजवी. गुपचूप सटकणे शिकवताना तर त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि ते खरंच निघून गेले. वर्ग बराच वेळ माझ्यासमोर शांत बसून राहिला. कुलूपवाल्याने मला एक शंकाही विचारली. शेवटचा अर्थ, एखाद्याची नक्कल करणे. तेव्हा प्रत्येकाने मला अंगात घालून सरांसारखं बोलायचं. सरांना स्वतःचा आवाज असा आहे हे पटत नसे, पण ते गुण देत.

मावशी या सगळ्यात पहिल्या असत. त्यांना घाई होती. गेली कित्येक वर्षं त्या रुग्णालयात हंगामी होत्या. बंदरावरचे परदेशी खलाशी तपासून घ्यायला येत, म्हणून इंग्रजीची तोंडी परीक्षा पास झाल्याशिवाय कायम करायचं नाही, असा तिथला नियम होता. त्या दोनदा नापास झाल्या होत्या. ही शेवटची संधी होती.

परीक्षा आमच्याच खोलीत झाली. निळा कोट घातलेले एक परीक्षक आले आणि त्यांच्याबरोबर एक परीक्षक बाई. निळ्या कोटवाल्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

"शैक्षणिक साहित्य वापरता येणार नाही. तो कोट कपाटात ठेवा."

मला कपाटात ठेवलं. कपाटाच्या दाराला काच होती, म्हणजे पूर्वी होती. त्यामुळे मला सगळं दिसत आणि ऐकूही येत होतं.

"टेक ऑफ," परीक्षक म्हणाले. "जेवढे अर्थ येतात तेवढे इंग्रजीत वाक्य करून सांगा."

मावशींनी दोन्ही हात वर केले. हातात काही नव्हतं.

"बोला ना, मावशी."

"बोलते साहेब. हात रिकामे आहेत."

"हातांनी बोलायचं नाहीये."

सर खाली बघत होते. पोस्टमन खिडकीकडे. मावशींनी एकदा कपाटाकडे पाहिलं, मग परीक्षकांच्या निळ्या कोटाकडे. आणि त्या रुग्णालयातल्या आवाजात म्हणाल्या, "उठा. ताठ उभं राहा. श्वास घ्या. धरून ठेवा."

मित्रांनो, हा आवाज ऐकला की माणूस विचारत नाही, उभा राहतो. परीक्षकांनी श्वास सोडला तेव्हा त्यांचा कोट मावशींच्या हातात होता.

"हा पहिला अर्थ," मावशी म्हणाल्या, आणि त्याचं इंग्रजी वाक्य बिनचूक बोलल्या.

मग निळा कोट उडाला. तो कुलूपवाल्याच्या डोक्यावर उतरला. वाक्य. त्याचे खिसे भरले. वाक्य. तो खुर्चीत बसला आणि मावशी दाराबाहेर जाऊन बाहेरून वाक्य बोलल्या. परत आल्या, आणि सरांनी डोळे मिटून घेतले, कारण आता नक्कल उरली होती. आणि हा कोट सरांचा नव्हता.

मावशींनी तो अंगात घातला, हनुवटी वर केली. "शैक्षणिक साहित्य वापरता येणार नाही!"

परीक्षक बाईंना अचानक खोकला आला.

"मी असा बोलतो?" परीक्षकांनी विचारलं.

"नाही साहेब. तुम्ही याहून जास्त नाकातून बोलता. मला तेवढं जमत नाही."

"बाई, हे साहित्य वापरल्यातच जमा धरायचं ना?"

"साहित्य कुठलं?" बाई डोळे पुसत म्हणाल्या. "तो तर तुमचा कोट आहे."

परीक्षकांनी थोडा विचार केला. "पास," ते म्हणाले. "आणि कोट द्या इकडे."

मला आनंद झाला, पण कपाटातून कोणी काढलं नाही. पुढच्या सत्रात सरांनी 'गेट अप' शिकवायला घेतलं आणि त्यासाठी खाट आणली. खाटेचं फार कौतुक झालं. मला कसर लागली.

मग एके दिवशी मावशी आल्या. "सर, तो कोट वापरात नसेल तर मला द्या."

"तुम्हाला ढगळ होईल, मावशी."

"घालायला नकोय. टांगायला हवाय."

रुग्णालयात कायम झालेल्या माणसाला स्वतःची खुंटी मिळते. एवढी वर्षं मावशींची पिशवी कधी जिन्यात, कधी खिडकीत राहिली. आता खुंटी होती, पण तिच्यावर अडकवायला काही नव्हतं, आणि रिकाम्या खुंटीवर लगेच कोणीतरी छत्री टांगून हक्क सांगतं. म्हणून आता मी तिथे असतो. शिकवत काहीच नाही. जागा धरून असतो.

मित्रांनो, जुन्या कोटाची थोडी काळजी घेत जा. ऊन दाखवा. कॉलरमध्ये खुंटी खुपसू नका, मान दुखते. आत अडकवायचा बंद असतो, तो तुटला असेल तर टाका घाला. माझा मावशींनी घातला आहे, दुहेरी दोऱ्याने.

परवा विभागात एक नव्या हंगामी बाई आल्या. पिशवी कुठे ठेवावी, म्हणून दारातच उभ्या होत्या. मावशींनी मला जरा डावीकडे सरकवलं आणि ती पिशवी माझ्या शेजारी अडकवली. पिशवी जड आहे आणि तिला कांद्याचा वास येतो. माझी काही तक्रार नाही.