गुळाने सुटलेली पकड

मित्रांनो, अमळनेरच्या लीलाधर आबांच्या मुलीचे, कलाबाईचे, लग्न झाले त्या १९८४ सालापासून माझे दिवस फिरले. मी एक जुने प्रथिन आहे, आबांच्या मूत्रपिंडातले. तिथे रक्त गाळणारा बारीक पडदा असतो. त्यावर पेशी पाय रोवून बसतात. ते पाय पडद्याशी घट्ट धरून ठेवायचे, एवढेच माझे काम. चाळीस वर्षे ते मी चोख केले. शाबासकी कोण देणार? मला कोणी पाहिलेच नव्हते.

लग्नाच्या मांडवात आबांना चक्कर आली. डॉक्टरांनी मधुमेह सांगितला आणि म्हणाले, "साखर बंद." आबांनी घरातला साखरेचा डबा शेजारी देऊन टाकला आणि चहात गूळ घातला, चांगले दोन खडे.

"डॉक्टरनी साखर बंद कयी, गूय नही," ते बायकोला, सुगंधाबाईंना, ऐकवत.

"मंग मोरीमा इतल्या मुंग्या कसाले उन्यात?"

"त्यासले बी मना लळा शे!"

मुंग्या आल्या होत्या त्या लघवीतून जाणाऱ्या साखरेला, आणि आबा हसत. मला शिसारी येई. रक्त कसले, पाकच तो. त्यात भिजून माझे सोबती कमी झाले, उरलेल्यांची पकड ढिली पडली. रक्तवाहिनीच्या भिंतीवरच्या आमच्या भाऊबंदांचे उलटेच झाले. ते माजले. वाटेने जाणाऱ्या पांढऱ्या पेशी ओढून चिकटवू लागले, आणि त्या आत घुसून सूज आणू लागल्या. धरायचे ते सुटत होते, सोडायचे ते चिकटत होते. ओकारी यावी अशी ती जागा झाली.

लघवीला फेस येऊ लागला. गाळणी फाटून अंगातली प्रथिने वाहून चालली होती. आबा म्हणाले, "उन्हाळी लागनी," आणि तांब्याभर गुळाचे पाणी प्यायले!

पाय सुजले तेव्हा धुळ्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेले. सुगंधाबाईंनी हळूच विचारले, "गूळ चालतो ना?"

"अहो बाई, गूळही साखरच!"

आबा पायांकडे पाहत राहिले. घरी आल्यावर गूळ बंद झाला, पण फार उशीर झाला होता. एका सकाळी माझी पेशी सुटली. मी तिला धरूनच होते. दोघे लघवीतून वाहून गेलो. अशी पेशी पुन्हा उगवत नाही.

मित्रांनो, डॉक्टरांनी काही बंद करायला सांगितले, तर त्यात काय काय येते ते तिथेच विचारा. लाजू नका.

लीलाधर आबा ९ जानेवारी १९९५ रोजी मूत्रपिंडे निकामी होऊन वारले.