आपोआप वर गेलेला हात

उंद्रीच्या मारुतीसमोर मुंगी शिरायला जागा नव्हती. काल म्हणे गावात आलेल्या राखबाबाच्या एका हाकेसरशी इंद्रभानचा लुळा हात आपोआप वर गेला! आज पाळी होती लकव्यानं उजवा हात गेलेल्या तानुबाईची. तिला घेऊन आली होती तिची सासू, गोजरबाई.

नागपुरात शिकून आलेल्या वामनराव डॉक्टरांनी औषधाची बाटली न देता काम सांगितलं होतं. रोज त्याच हातानं पीठ मळायचं, कापसातली सरकी काढायची. बोटं जराशी वळूही लागली होती. पण आजारी सुनेला राबवते म्हणून गावानं नावं ठेवली आणि गोजरबाईचा धीर सुटला.

बाबानं तानुबाईचा हात पट्टीनं अंगाशी करकचून बांधला. "भूत आत हाये! बाहेर रेट, बाई! अजून जोर लाव!" ती घामाघूम झाली. बऱ्याच वेळानं पट्टी सोडून तो ओरडला, "ऊठ!" आणि हात सावकाश वर गेला. लोकांनी जयघोष केला.

"आता हा हात देवीचा. गळ्यात बांधून ठेवजा. पोळ्यापर्यंत कामाले लावसान, तं कायमचा जाईन!"

पण गोजरबाईला आठवलं, बांधून ठेवला तर हात आखडेल, असं डॉक्टर म्हणाले होते. बाबा झोळी घेऊन पुढे सरकला.

"थांबा!" बैलांच्या दमणीतून उतरलेले वामनराव गर्दीत शिरले आणि पुढे उभ्या असलेल्या एका गावकऱ्याला म्हणाले, "किसनराव, देवळाच्या चौकटीत उभे राहा. हातांची मागची बाजू दोन्हीकडच्या लाकडाला लावून बाहेर रेटा."

"मले काय झालं? मी तं धडधाकट हाये."

"म्हणूनच."

किसनराव दमेपर्यंत रेटत राहिले. मग बाहेर आले, हात ढिले सोडले, आणि दोन्ही हात आपोआप वर निघाले.

"अबे, हे काय होऊन राह्यलं!"

"भूत नाही, देवी नाही," डॉक्टर म्हणाले. "बराच वेळ रेटलं की रेटणं थांबवल्यावरही स्नायू थोडा वेळ ओढत राहतो. तानुबाईच्या खांद्यात जोर आहे, तो तेवढा दिसला. बाबा, आता तिला तांब्या उचलायला सांगा."

तानुबाईनं हात पुढे केला. तांब्या निसटून घरंगळला. बाबा देवीच्या कोपाचं पुटपुटत मागे सरला. गोजरबाईला रडू आलं, रागही आला.

"झोळी राहू द्या!" ती म्हणाली. "पिठाची परात आणा. गाव म्हणीन ते म्हणो."

सगळ्यांसमोर तिनं सुनेचा हात पिठावर ठेवला. तानुबाईनं दाबलं, पुन्हा दाबलं. पिठात तीन बोटं उमटली.

माणसाला घास घेता आला, वेणी घालता आली, भाकरी थापता आली, की हात बरा होतो आहे असं समजावं. आणि चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी चौकटीत उभं राहून बघावं.